रात्रीची गिनती

रुवीच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत,
पप्पा साडेचारला उठतात.
पांघरुणाची घडी पडते चार कोपरे जुळवून,
जणू कुणी छडी घेऊन बघायला येणार आहे.

काळी ट्रंक त्यांनी विमानातूनही आणली.
पांढऱ्या रंगात नंबर, खाली नाव:
सुभेदार ए. बी. ओहोळ, सिग्नल्स.
मस्कतच्या विमानतळावरच्या पोऱ्यानं विचारलं, आत काय?
बूटपॉलिश, ब्रश, ठेचा, मंडळीचा फोटो.
आमच्या राहुरीकडच्या बोलण्यात मंडळी म्हणजे देवळातली माणसं,
आणि बायकोही.
फोटोत दोन्ही आहेत. पुढं आई,
डोळ्यांत ऊन गेलेली.

लहानपणी मला वाटायचं, छप्पन्न एपीओ हे गाव आहे.
तिथं नदी असेल, एसटी थांबत असेल.
पप्पा वर्षातले दोन महिने आमचे, बाकीचे त्या गावचे.
पत्राच्या शेवटी ठरलेलं: येथील सर्व कुशल, देवाची कृपा.
बोटांची कातडी थंडीनं गेली होती
हे रजेवर आल्यावर कळलं,
भाकरी मोडता येईना तेव्हा.

आई गेली तेव्हा खिंड बंद होती.
सहाव्या दिवशी पोचले, वर्दीवरच,
आणि जन्मात एकदाच बूट न काढता घरात आले.
त्याची माफी ते अजून मागतात.
कुणाकडे, ते मी विचारलेलं नाही.

आता ड्यूटीवर मी जाते, मागं ते राहतात.
माझ्या नर्सच्या पांढऱ्या बुटांना
त्यांच्याइतकं कुणी पांढरं केलेलं नाही.

खाली पायरीवर दादकरीम असतो, बलुची,
सुलतानाच्या फौजेतून पेन्शनीत गेलेला.
त्याची हिंदी कराचीची, यांची जबलपूरची,
दोघांचे गुडघे मात्र एकाच डोंगरात झिजलेले वाटावेत.
अजान झाली की खुबूसची पिशवी पप्पांकडे देऊन
तो मशिदीत जातो.
पिशवी गरम असते.
झोपलेलं पोर सांभाळावं तशी पप्पा ती मांडीवर धरून बसतात.

आमचं देऊळ इथं शुक्रवारी भरतं.
पहिल्या आठवड्यात ते गोंधळले: रविवार, तो शुक्रवारी?
मग स्वतःच म्हणाले,
एकदा ईस्टर आम्ही बुधवारी केला होता,
पोस्टवर रिलीफ आला त्या दिवशी.
देवाला ड्यूटी चार्ट कळतो.

रात्री नऊला प्रार्थना.
गुडघे टेकवता येत नाहीत, म्हणून फ्रिजसमोर सावधान उभे राहतात
आणि नावं घेतात, मोठ्यानं, गिनती घ्यावी तशी.
धाकटा शलमोन. शलमोनची बायको, तिचं सातव्या महिन्याचं पोट.
एस्तेरआत्या.
लान्स नायक भूरासिंग, जो गस्तीवरून आला नाही.
दादकरीम.
प्रत्येक नावानंतर थांबतात,
उत्तर यायला लागेल तेवढं.
आईच्या नावानंतर जास्त.
एकदा विचारलं, काही ऐकू येतं का पप्पा?
सिग्नलवाला माणूस.
म्हणाले, लाइन चालू आहे, एवढं कळतं.

काल निझवाच्या रस्त्यावर बस उलटली,
आमच्या वॉर्डात माणसं गादीशिवाय झोपवली.
माझा फोन कधीच मेलेला.
पावणेदोनला कुलपात किल्ली फिरवली
तर स्वयंपाकघरात उजेड.
ते उभेच होते, एक हात फ्रिजवर,
पायांवर सूज चढलेली.
यादीत शेवटचं नाव माझं असतं,
आणि उत्तराशिवाय गिनती मोडायची नसते.

मी म्हटलं, हाजिर.

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, भात झाकलाय.
बूट बाहेर काढ.